अर्धा इंच

हमरियातल्या तिसऱ्या मजल्यावर एसी
आधी घोगरा बोलतो, मग गार होतो.
कर्नलची नवी आवृत्ती उतरवून घेतली,
तिच्यावर चढवला कुणा अनोळखी माणसाचा पॅच,
सहाशे चाळीस ओळी, शेड्युलरला कोपराने ढोसणाऱ्या.
दोन तुकडे बसेनात.
ते हाताने बसवले. रात्रीचे पावणेदोन.

चौदा वर्षं हेच करतोय.
तेव्हा गरज होती, खोटं कशाला बोलू.
कंपाइल लावलं की माउसचा बाण अडखळायचा
आणि सावंतवाडीहून ओवीचा आवाज
फुटक्या काकणांसारखा यायचा.
पॅच लावला की सलग बोलायची ती,
अख्खी बाराखडी, मध्ये श्वासही न घेता.
आता ती पुण्यात. म्हणते,
"बाबा, लेक्चर चालू आहे, नंतर बोलते."
एक अक्षर तुटत नाही.
पॅच नसला तरी.

म्हणून यंदा मोजलं.
पाचदा पॅचसकट, पाचदा त्याच्याविना,
वहीत रकाने आखून.
फरक दीड टक्का.
मग सहज, दुपारी एक वाजता, तेच पुन्हा.
बाहेर सेहेचाळीस, लॅपटॉपचा पंखा किंचाळतोय.
आता फरक नऊ टक्के,
नुसत्या उन्हाचा.
म्हणजे माझी चौदा वर्षं
मस्कतच्या एका दुपारीत बुडाली
आणि वर बुडबुडासुद्धा आला नाही.

पलीकडच्या खाटेवर इलियास मुकादम, म्हसळ्याचा,
दिवसभर दिशदाशा शिवतो, रात्री स्वतःची बटणं.
त्याला सांगितलं, बाहेरून जे आम्ही जोडायचो
ते आता आतच शिवलेलं येतं.
दोरा दाताने तोडत म्हणाला,
"रेडिमेड हल्ली बरं बसतं रे.
तरी येतात लोक. बाहीला अर्धा इंच."
"आणि पैसे?"
"अर्ध्या इंचाचे कसले पैसे? दोनशे बैसा.
पण अंगात घातल्यावर हात असा वर करून बघतात ना..."
पुढचं बोलला नाही. बटण ओढून पाहिलं.

परवा बताका नवा करायला गेलो.
तीच बोटं काचेवर, तोच छातीचा एक्स-रे.
दर खेपेला काहीतरी एक बसत नाही
आणि खिडकीमागचा म्हणतो, बुकरा.

पॅचवाल्याने शेवटच्या आवृत्तीवर
एवढंच लिहिलंय, यापुढे नाही.
कारण नाही, निरोप नाही.
मी त्याचं नावही नीट उच्चारू शकत नाही,
पण यंत्राच्या आत कोण कुणासाठी थांबतं,
कुणाच्या वाट्याला किती क्षण येतो,
हे मला त्याच्या न बसणाऱ्या तुकड्यांनीच शिकवलं.
बसले असते तर उघडून कोण बघतो?

आज साधंच बूट केलं.
सगळं चाललं.
मग बराच वेळ बाण उगाच फिरवत बसलो
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुठे अडखळतो का ते बघत.