स्वल्प

उजवा दंड नको, म्हटलं, प्रुफं तपासतो मी.
नर्स हसली. तिला मराठी अर्धी कळायची,
मला कन्नड त्याहून अर्धी.
"स्वल्प नोवु," म्हणाली, आणि सुई आत.
नोवु दंडानं समजून घेतलं.
स्वल्प मला येत होतं:
तीस वर्षं स्वल्पविराम दुरुस्त करतोय
खडेबाजारच्या छापखान्यात.

दोन महिन्यांनी ताप आलाच.
एकशे तीन. अंगाची मोळी.
भरमाण्णा दारातूनच,
"टोचून घेऊन काय मिळवलंस गा?
दीड हजारात चार कोंबड्या आल्या असत्या की."
मी गोधडीत. उत्तर खोकल्यानं दिलं.

रात्री छताला लग्नपत्रिका लटकल्या होत्या,
एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड,
मधे गणपती, कुणीकडं बघावं न कळून.
नवरीचं नाव चुकलंय, असा ओरडत होतो म्हणे.
यल्लू ओलं फडकं पालटत म्हणाली,
असू दे, लग्न होतंय तरी.

चौथ्या दिवशी आंबील घशाखाली उतरली.
गेल्या साली, न टोचता, सोळा दिवस पडून होतो,
मालकानं दुसरा माणूस बघून ठेवलेला.
यंदा सहाव्या दिवशी खुर्चीत.
लसीनं की नुसत्या नशिबानं,
मला काय ठाऊक.
दंडावरची सुपारीएवढी गाठ
कधीच विरून गेली होती.

समोर पहिलीच पत्रिका.
सहकुटुंब सहपरिवार,
मधे विराम नाही.
घालायला गेलो आणि खोकला आला,
शाई तिथं
स्वल्प जास्त पडली.