लाळेरं

ब्रागान्साच्या जिल्हा दफ्तरखान्यात
चार नंबरचं टेबल खिडकीपाशी आहे.
तिथे बसणारी माणसं पहिल्या दिवशी पूर्वज मागतात,
तिसऱ्या दिवशी एवढंच, की अक्षर लागावं.

झुल्मिरा अकराव्या दिवशीही आली.
वय एकसष्ट, शाळेची बस चालवून निवृत्त.
इथे खायला मनाई आहे, तरी
कोटाच्या खिशातून भाजलेले चेस्टनट काढते,
सालं माझ्या टोपलीत टाकते.
मी दुसरीकडे बघतो. त्याचाच पगार घेतो म्हणा ना.

खंड सतरा. फिरत्या पाळण्याची नोंदवही.
भिंतीत बसवलेलं लाकडी पिंप होतं ते :
बाहेरून मूल ठेवायचं, घंटा ओढायची, निघून जायचं;
आतून कुणी ते फिरवून घ्यायचं.
दोन बायकांनी एकमेकींचं तोंड बघू नये
म्हणून एका सुताराने करून दिलेली सोय.

‘दहा फेब्रुवारी अठराशे एकसष्ट. रात्री अकराची घंटा.
मुलगी. नाळ ओली.
अंगडं, जुन्या बाहीचं केलेलं.
टोपरं पांढरं, कडेला निळा टाका.
लाळेरं नवं, हातशिलाईचं, तोच टाका.
सोबत पत्ता, बदामाची सत्ती, तिरपी कापलेली.
नाव दिलं एस्कोलास्टिका, आजच्या संतिणीचं.’

आईच्या रकान्यात आडवी रेघ.

पत्ता अजून पानाला टाचलेला आहे,
टाचणीच्या गंजाचा डाग मागच्या चार पानांपर्यंत गेलाय.
मोजले, तर साडेतीन बदाम.
उरलेले साडेतीन घेऊन ती बाई
पायऱ्या उतरून गेली, एवढं नक्की.
पुढचं नाही.

झुल्मिराने नोंद तीनदा वाचली, ओठ हलवत.
मग म्हणाली, ‘ओल्या नाळेच्या पोरीला लाळेरं कशाला?’
मला काय कळणार. मी बिनलग्नाचा.
‘लाळ चौथ्या महिन्यात गळते, दात शिवशिवायला लागले की.
जी रात्री देऊन टाकायची
तिच्या जूनचं शिवत बसली होती ही.’

गेल्या वर्षी भाच्याने एक नळी आणली होती.
‘मावशी, यात थुंक.’
सकाळपासून पाणी प्यायचं नाही म्हणून तोंड कोरडं,
लिंबाचा विचार कर म्हणाला.
लिंबाच्या विचारावर भरली तिने नळी.
दीड महिन्याने कळलं :
समुद्रापलीकडे, फॉल रिव्हरला, कुणी व्हाल्देमार,
पणजीच्या आईकडून लागणारा, छपाईवाला.
रक्ताने ओळख दिली. माणसाने एक ओळ पाठवली :
‘आमच्या घरातल्या बायका तशा नव्हत्या.’

तेव्हा ती हसली होती म्हणे, खूप.
आज कागद ओढून तिने उत्तर लिहिलं,
माझ्याच पेन्सिलीने (शाई इथे चालत नाही) :
‘तशा म्हणजे कशा, ते राहू दे.
निळा टाका कुणाला येत होता, तेवढं विचार.’

उत्तर आलेलं नाही. येईल असं मला वाटत नाही.
तिला वाटतं.

बंद व्हायला वीस मिनिटं असताना
तिने खंड अठरा मागितला. दाईंच्या पगाराची वही.
मी म्हणालो, उद्या. मग घेऊन आलो.
डोंगरापलीकडच्या गावातली दाई, नाव फ्लोरिंदा,
दर महिन्याला मूल आणून दाखवायचं, तर पैसे.
मार्च : मूल जिवंत.
एप्रिल : मूल जिवंत. पाऊस, उशिरा आली.
मे : जिवंत.
जून.
बोट तिथे थांबलं.
कारकून बदललाय, अक्षर वाकडं, मलाही लागेना,
दोघं कितीतरी वेळ वाकून बसलो.

जिवंत, असंच आहे ते.

आता तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही.
ती मेली असती तर चार नंबरला कोण बसलं असतं?
तरी तिने खुर्ची मागे सारली,
रुमाल काढला
आणि डोळे नाही, हनुवटी पुसली.
चेस्टनट खात होती. त्याचंच असेल.