गोल कोपरे

पाणी जिथून शिरतं तिथे ठिबकत नाही
हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली.
डाग आमच्या उशीवर
आणि भोक पार पलीकडे, पंख्याच्या झडपेपाशी.
मधले सात फूट ते प्लायवूडमधून
कसं चालत आलं
कुणी पाहिलं नाही.

लोकमान्यनगरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी
ती उभी असते, चाकांना विटा लावून.
शेजारचे बक्षी तिला डबा म्हणतात.
अच्युतनं रिटायर झाल्यावर घेतली,
पीथमपूरच्या एका कारखानदाराची, वापरलेली :
रबराचं छत, दोन बिछाने, एक शेगडी,
जीपच्या मागे जोडायची आणि निघायचं.
महेश्वर, मांडू, एकदा बुऱ्हाणपूर.
मग सुबाभळीची फांदी पडली.
मग त्याचा गुडघा.

आज छतावर मी, आणि कय्यूम भिया,
ज्याचं भंवरकुव्याला पंक्चरचं दुकान आहे.
"रबर ते रबर, भाभी. मोठी ट्यूब समजा.
फक्त पाय फळीवर ठेवा."
अच्युत खाली खुर्चीत.
इथून त्याचं टक्कल दिसतं, आणि त्यावर
मला माहीत नसलेला एक तीळ.

आम्ही खरवडतो.
वर डांबर, गेल्या जूनचं.
डांबराखाली सिलिकॉन, पिवळं पडलेलं,
त्याखाली सियागंजातली चंदेरी पट्टी,
आणि पट्टीखाली, मी लगेच ओळखली,
माझ्या कुकरची हरवलेली रिंग,
कापून सरळ केलेली.
"अच्युत!"
"काय?"
"काही नाही."
प्रत्येक थर लावून तो खाली उतरला होता
आणि म्हणाला होता, आता बघ.

डांबरानं रबर खाल्लंय. जागोजागी पुरीसारखं फुगलंय.
"पेट्रोलनं पुसा!" खालून आवाज.
"नाही!" आम्ही दोघं, एकदम.
साबणाचं पाणी. जुनी बनियन. मग नुसतं
जानेवारीच्या उन्हात थांबणं.
बक्ष्यांच्या सूनबाईंनी वर पोहे दिले,
भिंतीवरून, हात लांब करून.

खालच्या लाकडात बोट गेलं,
चहात विसरलेल्या टोस्टात जावं तसं.
कय्यूमनं करवतीनं चौकोन कापून काढला
आणि आमच्या बिछान्याच्या पायथ्याशी
पहिल्यांदाच ऊन पडलं.
मी वाकून बघत राहिले.
चादर चुरगळलेली. एक चष्म्याची डबी.
कुणा भलत्याच जोडप्याची खोली वाटली.
"झाकायचं ना, भाभी?"
हो, हो. झाक.

नवं प्लाय, स्क्रू, मग नवा तुकडा.
लावण्याआधी त्यानं कात्रीनं चारही कोपरे गोल केले.
"टोक ठेवलं की वारा नख लावतो,
आणि एकदा नख लागलं की सोडत नाही."
दुकानात रोलर विसरला होता, म्हणून
स्वयंपाकघरातलं माझं लाटणं.
मी सवयीनं गोल फिरवायला गेले.
"पोळी नाही, भाभी.
मधून बाहेर. हवेला वाट द्यायची."
एक बुडबुडा हट्टी होता.
तळव्याखाली सरकत सरकत
झडपेच्या कडेला गेला, आणि बारीक शिंकून गेला.

संध्याकाळी रबरी नळी वर घेतली.
अच्युत आत जाऊन आडवा झाला, हातात टॉर्च,
आणि छातीवर ती स्टीलची वाटी,
तीन पावसाळे डागाखाली ठेवलेली.
"सोडू?"
"सोड."

मी पाणी सोडलं. झडपेवर, कडेवर, तुकड्यावर.
चालत राहिले, फळीवरून फळीवर.
पाच मिनिटं. दहा.
कय्यूमनं बिडी पेटवली, विझवली.
आतून काहीच नाही.

"गळतंय का रे?"

बराच वेळ गेला.
मग आतून, वाटीतूनच बोलल्यासारखा, त्याचा आवाज :
"नाही. पण अजून थोडं ओत.
तुझी पावलं ऐकू येतायत."