क्लॅरीची वही

एकेचाळीस वर्षं गनेडाच्या केबिनमध्ये
कोळशाच्या गाड्या मिनिटामिनिटाने लिहिलेला माणूस
निवृत्तीनंतर काय लिहिणार?
परसातल्या निलगिरीच्या बेचक्यात
एक कोआला येऊन बसला,
तेव्हा क्लॅरी डन्स्टनने नवी वही काढली.

६.१० – झोपलेला.
८.०० – झोपलेला.
९.४५ – डावा कान हलला. वाऱ्याने असेल.
१२.३० – झोपलेला.

"असलं वेळापत्रक रेल्वेत खपलं नसतं,"
तो कुंपणावरून मला सांगतो.
मी बेकरीतली, रात्रपाळीची.
माझाही दिवस असाच जातो, पडदे ओढून.
फक्त माझी कुणी नोंद ठेवत नाही.

रात्री साडेदहाला मी सायकल काढते
तेव्हा तो जागा असतो.
एक पान ओढतो, नाकाशी धरतो, सोडून देतो.
दुसरं. तेही नाही.
माझी सासू येवदोकिया टोमॅटो निवडते तसा,
दुकानदाराचा जीव जाईस्तोवर.
तिसरं मात्र चावतो, सावकाश, गाल भरून.
ज्या पानाने दुसरं कुणी आडवं झालं असतं
त्यावर याचा संसार, तोही जेमतेम.
म्हणून तर एवढी झोप.

सप्टेंबरात तो ओरडायला लागला.
एवढ्याशा छातीतून
चिखलात रुतलेल्या मोटरसायकलीचा आवाज!
येवदोकियाने पोलिसांना फोन लावला.
क्लॅरीने लिहिलं: २.२० – मालगाडी.
मग खोडून: तोच.

एका मंगळवारी बेचकं रिकामं.
क्लॅरी नुसत्या वेळा लिहीत राहिला,
पुढे काही नाही. आठ दिवस.
नवव्या दिवशी तो रस्ता ओलांडून आला,
पाय कुणाचे उसने आणल्यासारखा,
आणि चढला त्याच बेचक्यात.
आगमन. उशीर: आठ दिवस.
कारणाचा रकाना कोरा.

जानेवारीत पारा चव्वेचाळीसवर.
तो खाली उतरून जाड बुंध्याला बिलगला,
पोट टेकवून, पाय लोंबते सोडून.
माझी झोप उडालेली. पडदा सारला तर
झाडाच्या दुसऱ्या अंगाला
क्लॅरी, बनियनवर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा,
छाती लावून उभा. गाल सालीवर.

"क्लॅरी, बरं आहे ना?"
"गार आहे," डोळे न उघडता म्हणाला.
"बुंधा गार आहे गं.
हे झाड मी लावलंय. मला माहीत नव्हतं."

संध्याकाळी व्हरांड्यात वही उघडी पडलेली.
२.१५ ते ३.०० – नोंद नाही.