दमानं

तांबोरिलमध्ये दुपारी वीज गेली
की कारखान्यातले पंखे एकेक करून मान टाकतात
आणि एलिहिया मला मागच्या ओट्यावर बोलावते.
आमचं कामच हे : शंभरातली एक सिगार ओढायची
आणि उरलेल्या नव्व्याण्णवांची जामीन राहायची.

पहिल्या आठवड्यात मी ती
परीक्षेला उशीर झालेल्या पोरासारखी ओढली.
जिभेवर जळकं रबर, डोळ्यांत पाणी.
"दम मारणं सोपं असतं, विल्किन," ती म्हणाली,
"दम धरायला शिक."

दुसऱ्या आठवड्यात इतका जपून बसलो
की ती बोटांतच गार झाली.
पुन्हा पेटवली, तर भिजल्या चुलीचा वास.
"रुसलेल्याला हलवून उठवलं
की तो असंच बोलतो."

मग तिनं माझं घड्याळ काढून घेतलं.
समोर बदामाच्या झाडाखाली चौघांचा डॉमिनो.
"बेनितोची पाळी आली की एक झुरका.
मधे काही करू नकोस."

बेनितो म्हणजे रात्रीचा पहारेकरी,
सोंगटी कपाळाला टेकवून विचार करणारा.
बाकीचे त्याला शिव्या घालत होते
आणि त्याच्या त्या विचारात
माझा निखारा हळूहळू निवत होता.
तेव्हा लागलं काहीतरी.
दालचिनी? नाही.
जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यासारखं,
मागून मिरी,
आणि नाकातून धूर जाता जाता
आईच्या हातचा, तळाला लागलेला कोको.

राख बोटभर झाली तरी पडेना.
एलिहियानं कागदी पट्टी सोलून काढली, डिंक ऊन झाल्यावरच,
आणि आपणहून म्हणाली,
"पान दोन वर्षं कोठारात मुरतं.
फाउस्तिनो दहा मिनिटांत संपवायचा.
न्यूयॉर्कला गेला तोही तसाच, कॉफी अर्धी टाकून."
तेवीस वर्षं झाली.
रविवारी फोन येतो. अजून भरभर बोलतो,
मिनिटं महाग होती तेव्हाची सवय.

शेवटची दोन बोटं कडू व्हायला लागली.
मी चिरडायला गेलो, तर तिनं मनगट धरलं.
ताटलीच्या काठावर नुसती ठेवून दिली.
आम्ही बघत बसलो
तिचं तिनं विझणं.

वीज आली. पंख्यांनी सगळी राख
एलिहियाच्या मांडीवर आणून टाकली.
तिनं ती झटकली नाही लगेच.

मी वही उघडली. चवीच्या रकान्यात : लाकूड, मिरी, करपलेला कोको.
वेळेच्या रकान्यात : बेनितोच्या बावन्न पाळ्या.
तो हरला,
हे लिहायला रकाना नव्हता.