पंच क्रमांक दोन

गुन्हेगारीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला
निकुंभ सर निकालपत्रं वाचायला लावतात.
पुस्तकातल्या गुन्हेगाराला, ते म्हणतात, आई नसते,
तारखेला यायला गाडीभाडं लागत नाही.
निकाल वाचा.

माझ्या वाट्याला मोटारपंपाची चोरी आली.
पाच हॉर्सपॉवर, तांब्याची तार निराळी,
धानोऱ्याच्या शिवारातल्या केळीच्या बागेतून.
आरोपी गेमल्या वेरसिंग पावरा, वय एकोणीस, धंदा मजुरी.
परिच्छेद नऊ मी मोठ्यानं वाचला:
पंच क्रमांक दोन, सुपडू लोटन बडगुजर, धंदा पानटपरी,
याने उलटतपासात कबूल केले की
त्याने यापूर्वीही पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत,
किती, ते सांगता येणार नाही.

वर्ग हसला.
सुपडू या नावाला हसला असेल,
नाहीतर किती ते सांगता येणार नाही, याला.
मीही हसले, जरा उशिरा.
हजेरीपटावर मी नुसती बडगुजर डी. एस.

सरांनी फळ्यावर लिहिलं: सवयीचा पंच.
खाली रेघ ओढताना खडू तुटला.

आमची टपरी ठाण्यासमोर.
मधे रस्ता, आणि जप्त मोटारसायकलींची रांग,
त्यांच्या चाकांतून एरंड वर आलाय.
ओ सुपडूभाऊ, अशी हाक आली की
आप्पा चुन्याचं बोट फडक्याला पुसायचे,
मला म्हणायचे, गल्ल्याकडे ध्यान ठेव,
आणि पाच मिनिटांत परत यायचे.
पाच मिनिटांत धानोऱ्याला जाऊन येता येत नाही
हे मला नववीतही कळत होतं.
पण तेव्हा मी गल्ल्याकडे ध्यान ठेवत होते.

शनिवारी चोपड्याची एसटी धरली.
विदगावच्या पुलावर तापी नेहमीसारखी,
अर्धी पाणी, अर्धी वाळूचे ट्रॅक्टर.
प्रश्न मनात लावून ठेवले होते, उलटतपासासारखे,
हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे.

आप्पा काथ ढवळत होते.
म्हणाले, साहेब बलावस, जानं पडस.
टपरी रस्तावर शे, माय.
मग बराच वेळानं:
सुटना का तो पोऱ्या?

सुटला, म्हटलं. तुमच्यामुळेच सुटला.
तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही
असं कोर्टानं लिहिलंय, म्हणून.
पण त्याआधी अकरा महिने आत होता.
जामीन झाला होता, जामीनदार मिळाला नाही.

आप्पांनी कुणी न मागितलेलं एक पान लावलं,
दुमडलं, लवंग टोचली,
आणि तसंच ताटलीत ठेवून दिलं.

परीक्षेला पाच गुणांचा प्रश्न ठरलेला असतो.
पंच म्हणजे कोण?
त्याच परिसरात राहणारा, स्वतंत्र, प्रतिष्ठित,
प्रकरणात हितसंबंध नसलेला इसम.
मला हे तोंडपाठ आहे.
इसम या शब्दाशी जीभ थोडी अडखळते.

रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
घटनास्थळ पत्र्याची टपरी, साडेचार बाय पाच.
पूर्वेस रस्ता, त्यापलीकडे ठाणे.
पश्चिमेस गटार.
दक्षिणेस झेरॉक्सचे दुकान, बंद.
उत्तरेस लांबवर सातपुडा, धुळीमुळे दिसून येत नाही.
मिळून आलेला मुद्देमाल:
अडकित्ता एक.
काळ्या शाईचे पेन एक, सुतळीने खिळ्याला बांधलेले.
माझ्या कॉलेजच्या फीची पावती,
देवाच्या तसबिरीमागे खोचलेली.
पान एक, लवंगेसह, सुकलेले.
पंचनामा वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे.
पंच क्रमांक एकपुढे मी सही केली.

सकाळी वही आप्पांच्या हातात दिली.
त्यांनी सुतळीचं पेन ओढलं,
सही कोठे करू?

आधी वाचा, म्हटलं.

चष्मा शोधण्यात दोन गिऱ्हाइकं परत गेली.
बोट ओळीखाली ठेवून ते वाचत राहिले,
पावतीपाशी थांबले, पुढे गेले,
पुन्हा वर आले.

साडेचार नही, म्हणाले.
पाच शे. मोजी ले.

मी टेपचं एक टोक धरलं.