निरीक्षण तक्ता, इयत्ता आठवी

अणुस्कुरा उतरताना सात जणांना उलट्या झाल्या,
लिंबं पाचव्याच वळणाला संपली.
आटपाडीहून पहाटे तीनला सुटलेली एसटी
आणि माझ्या मांडीवर बेचाळीस छापील तक्ते :
निसर्ग, इतिहास, संस्कृती,
प्रत्येकाला चार-चार ओळी सोडलेल्या.

समुद्र दिसला तेव्हा कुणी ओरडलं नाही.
मागच्या बाकावरून रणजित ऐवळे म्हणाला,
"बाई, किती टीएमसी असंल?"
सगळे हसले, मीही हसले,
मग हसू आपोआप थांबलं,
कारण प्रश्न तसा बरोबर होता.
एकीने निसर्गाच्या रकान्यात लिहिलं :
पाणी पुष्कळ. वापरायला येत नाही.

खाडीच्या चिखलातून वर आलेली कांदळांची मुळं
त्यांनी मोजायला घेतली, दोनशेवर कंटाळले.
वाळत घातलेल्या जवळ्यापाशी नाकं दाबली
तेव्हा जाळं सांधत बसलेल्या बाईने मान वर न करता विचारलं,
"तुमच्या गावाक कसलो वास येता?"
बेचाळीस जणांत एकालाही सांगता येईना.
तक्त्यात तो प्रश्न नव्हता.

दुपारी सडा.
कापल्या गवताचे खुंट, जांभ्याची तापलेली पाठ,
आणि दत्ताराम घवाळी,
एका हातात खराटा, दुसऱ्यात पाच लिटरचा कॅन.
"वहाणा काढा," म्हणाला.
"देव हाय म्हणून नाय. रेघा झिजतात."
झाडून घेतलं, मग चरांत पाणी सोडलं.
काळ्या ओल्या रेषेने आधी सोंड आली,
मग पोट, पोटाच्या आत मासा,
आणि शेजारी पाय फाकून उभा, म्हणजे खरं तर आडवा,
एक माणूस.
डोकं नुसतं गोल. तोंड काढायचं राहिलेलं.

"आमी हितं गुरां चारायचो.
ह्या हत्तीच्या पोटात बसून भाकरी खाल्लीय.
मागनं माणसां आली, टेप लावून मोजून गेली."
फलकावर लांबी आहे, रुंदी आहे.
काळ : निश्चित नाही.
एकोणीस वर्षं इतिहास शिकवणारी मी
म्हणाले, लिहून घ्या.

अंबिका धोत्रे लिहीत नव्हती.
हजेरीला "हजर"सुद्धा ओठांतच म्हणणारी ती
उकिडवी बसून चरातून अंगठा फिरवत होती.
तिची आई गावोगाव पाट्या-जात्यांना टाकी लावते,
लावायची. आता घरोघर मिक्सर,
आरोळी देऊन घसा बसतो, दार उघडत नाही.

"बाई, हितनं धरलंय."
सोंडेच्या टोकाला तिचा अंगठा.
"हितं हत्यार बोथाटलंय, बघा, घाव उथळ.
हितनं फुडं दुसराच कुणीतरी. हात हलका हाय.
शिकाऊ असंल. न्हाईतर बाई."

खरं की खोटं, मला सांगता येणार नाही.
दत्ताराम तिच्यामागे खाली बसला,
जिच्यावरून चाळीस वर्षं गुरं हाकली त्या रेषेतून
स्वतःचा अंगठा नेला, कुठे अडतोय बघत.
"मोजून सगळी गेली," म्हणाला,
"असां हात लावून कोणी बघितलान नाय."

ऊन पाणी पीत होतं.
आधी मासा गेला, मग पोट.
ड्रायव्हरने तिसऱ्यांदा हॉर्न दिला.
कॅनच्या तळाशी होतं तेवढं दत्तारामने तिला दिलं
आणि तिने ते आमच्याकडे पुरवतात तसं पुरवलं,
धार बारीक धरून,
माणसाच्या शेवटच्या बोटापर्यंत.

उठताना म्हणाली,
"ह्येंची मजुरी कुणी दिली आसंल, बाई?"

तक्ते मी घाट चढताना गोळा केले, मोबाइलच्या उजेडात.
तिचा कोरा.
दहापैकी गुण द्यायचे होते.
पेनाचं टोपण काढलं, लावलं.
कुणाच्या तरी पिशवीत विकत घेतलेला जवळा होता,
त्याचा वास बसभर पसरला होता
आणि सगळी मुलं
नाकं उघडी टाकून झोपली होती.